तीन उभ्या जेट स्की आणि एक रापण

"मानवजातीच्या इतिहासात जे जे थोर घडलं, ते उभं राहून घडलं. बसून फक्त समित्या झाल्या!"

हे वाक्य मी दांडेखोलच्या किनाऱ्यावर, माइक दोन्ही हातांनी धरून, छातीत मावेल तेवढी हवा भरून उच्चारलं आणि टाळ्यांना जागा करून द्यावी म्हणून खाली बसलो. खुर्ची प्लॅस्टिकची होती आणि व्यासपीठ म्हणजे वाळूवर अंथरलेली सतरंजी. खुर्चीचे मागचे पाय वाळूत शिरले, पुढचे वर आले आणि मी सावकाश, अत्यंत सन्मानपूर्वक, आकाशाकडे बघू लागलो.

कुणी हसलं नाही. हसू आलं नव्हतं असं नव्हे. दादासाहेब हसले नव्हते. त्यांनी मान वळवून माझे वर आलेले बूट पाहिले आणि म्हणाले, "सरांना उभं करा रे."

दोन कार्यकर्त्यांनी माझ्या काखांत हात घालून मला उभं केलं. त्यांतल्या एकानं नुकताच वडापाव खाल्ला होता. त्याची चटणी माझ्या शर्टावर राहिली आणि दिवसभर मला तिचा वास येत राहिला. पुढे जे काही झालं त्या मानानं तो वास चांगला होता, हे मला संध्याकाळी पटलं.

वीसेक वर्षं झाली याला. तेव्हा मी एका साप्ताहिकात दर आठवड्याला कुणाची तरी टोपी उडवत असे, आणि ज्यांची उडवली तीच माणसं पुढे मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावत. दादासाहेब तेरवणकरांवर तर मी इतकं लिहिलं होतं की त्यांनी ती कात्रणं लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावली होती. अशा माणसाचं काय करायचं असतं, हे मला निवृत्तीनंतरही कळलेलं नाही.

ते 'किनारा क्रीडा प्रतिष्ठान'चे संस्थापक होते, अध्यक्ष होते आणि फलकांवरच्या त्यांच्या फोटोंचा आकार बघता समुद्राचेही मालक असावेत. त्या दिवशी प्रतिष्ठाननं पुण्याहून तीन जेट स्की मागवल्या होत्या. आपण पर्यटकांना बसून चालवताना बघतो त्या स्कूटरसारख्या नव्हेत. या उभ्यानं चालवायच्या. पुढे एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला हँडल, मागे पाय ठेवायला रबर लावलेला अरुंद खळगा. तिन्हींची चाचणी घ्यायची, तुलना करायची आणि एक प्रकार दांडेखोलसाठी पसंत करायचा, असा कार्यक्रम होता. त्यासाठी तज्ज्ञ मंडळ नेमलं होतं. त्यात दादासाहेब, गाड्या विकणारे मिहीर सबनीस आणि मी.

"पण दादासाहेब, मला पोहतासुद्धा येत नाही," मी सांगून पाहिलं होतं.

"म्हणून तर तुम्ही," ते म्हणाले. "पोहणारा माणूस पाण्याची बाजू घेतो."

सबनीस पुण्याचे होते आणि घामानं पार भिजले होते, तरी शब्दांना इस्त्री होती. त्यांनी मला गाड्यांपाशी नेलं.

"सर, ही पहिली, फ्रीराइडची. आखूड, हलकी, नाक वर वळलेलं. कोल्हापुरी चपलेसारखं म्हणा. हिच्यावर उड्या मारायच्या, कोलांट्या घ्यायच्या. जागा थोडी लागते. जेटीजवळचा कोपरा दिला तरी पुरे."

"आणि ही?"

"ही सर्फची. थोडी रुंद, नाक दणकट, कारण ते लाटेत घुसवायचं असतं. पाय अडकवायला पट्टे आहेत बघा. पण हिला फुटणारी लाट हवी. म्हणजे तिकडे, खडकांपाशी."

"तिसरी?"

तिसरीबद्दल बोलताना त्यांनी आवाज खाली आणला. "रेसची. लांब, अरुंद. वळणावर पाणी सोडत नाही. हिला मात्र सपाट पाणी लागतं आणि पिंपं तरंगत ठेवून आखलेला मोठा ट्रॅक लागतो. म्हणजे..." त्यांनी हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. त्यात सगळा किनारा आला.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"तुमीच काय ते परीक्षा घेवक इलेले मास्तर?"

वळून बघितलं. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कमरेवर दोन्ही हात आणि माझ्याकडे न विकलेल्या माशाकडे बघावं तशी नजर. या गुणाबाई कुबल. दांडेखोलची रापण त्यांच्या शब्दावर चालत असे, आणि त्यांचा शब्द पार जेटीपर्यंत ऐकू जात असे.

"मास्तर नाही, मी लेखक."

"ता एकच. खयची गाडी पास होतली?"

"अजून चालवून बघायच्या आहेत."

"चालवून बघूचा नाटाक आसा. ती लांबडी पास होतली. दादासाहेबांच्या झिलाक तीच होई. शर्यती लावतलो, मंडप घालतलो, बापाशीचो फोटो लावतलो."

"मग तुमचं त्यात काय बिघडलं?"

त्यांनी माझा दंड धरून मला समुद्राकडे वळवलं. "हय आमची रापण पडता. माझ्या आज्याच्या टायमापासना. लांबडी गाडी पास झाली की हयसून थयपर्यंत पिंपां बांधतले. मगे जाळा खय टाकूचा? तुमच्या टकलेर?"

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक होडी किनाऱ्यापासून निघते, पाण्यात मोठा अर्धगोल घेत जाळं सोडते आणि दुसऱ्या बाजूला किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून गावातली माणसं जाळं ओढत आणतात. रापणीचा कुणी एक मालक नसतो. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो, मग तो गावचा असो की वाट चुकलेला पाव्हणा. आणि जाळ्यात जे येईल ते सगळ्या रापणीचं. बाकी कायदे बदलले. हा बदललेला नव्हता.

त्या दिवशीही किनाऱ्याच्या उत्तरेच्या अर्ध्या भागात जाळं पडलेलंच होतं. जाळं तरंगत ठेवणाऱ्या लाकडी बोंडांची ओळ पाण्यावर दिसत होती आणि बायाबापड्या दोर ओढायला जमत होत्या.

"आज तरी थांबायचं," मी म्हणालो. "कार्यक्रम आहे ना?"

"बांगडो इलो. बांगड्याक तुमची पत्रिका पोचूक नाय." त्यांनी माझा दंड सोडला. "इतक्याच सांगूक इलंय. तुमी ती गाडी पास केलास, तर तुमी रापण मारलास. घराक जावन नीट झोपा."

त्या वाळू उडवत निघून गेल्या. सबनीस रुमालानं मान पुसत समुद्राकडे बघत होते.

"खरं सांगू, सर? या पाण्याला सर्फची गाडी. खडकांपाशी जी लाट फुटते ना, तशी मी गोव्याच्या खाली कुठं बघितली नाही. रेसची इथं कशाला?"

"मग सांगा की तसं."

"माझं दुकान आहे, सर," ते म्हणाले. हे वाक्य मी त्या आधी मंत्र्यांकडून, संपादकांकडून आणि एका महाराजांकडून ऐकलं होतं. इतक्या सभ्यपणे नव्हे, एवढंच.

मग पूजा झाली.

नवीन वाहनाची पूजा करायची असते याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. अडचण एवढीच होती की चाक नसल्यानं लिंबू कुठं ठेवायचं. त्यावर भटजी, दादासाहेब आणि दोन माजी सरपंच यांच्यात चर्चा झाली, ती ऐकून मला घशाशी आलं. अखेर लिंबं गाडीच्या पोटाखाली ठेवून गाडी वाळूवर ढकलण्यात आली. नारळ नाकावर फोडायला घेतला तेव्हा सबनीसांनी असा काही आवाज काढला की भटजींनी तो शेजारच्या दगडावर फोडला. कुंकवाची स्वस्तिकं काढली आणि मग देवळातून आणलेले हार घातले. झेंडूचे, मनगटाएवढे जाड, मध्ये जरीची फुलं. लांब गाडीच्या दांड्यावर घातलेला हार तर खाली वाळूपर्यंत आला होता.

"दादासाहेब, एक विनंती," सबनीस म्हणाले. "पाण्यात नेताना हार काढू. हिच्या पोटाखाली जाळी असते. तिथून ही पाणी आत ओढते आणि मागून फेकते. दोरा, पिशवी, काही जवळ आलं की गिळते."

"बघू," दादासाहेब म्हणाले. त्यांच्या तोंडी 'बघू' म्हणजे नाही.

पहिल्या दोन गाड्यांचे हार सबनीसांनी पाण्यात उतरवता उतरवता गुपचूप काढून काखोटीला मारले. चालवणार होता दादासाहेबांचा एकुलता मुलगा यशोधन. देखणा, गॉगलवाला, अंगाला घट्ट बसलेला काळा पोशाख. वर केशरी लाइफ जॅकेट.

आखूड गाडीवर तो उभा राहिला. गाडीनं नाक वर केलं आणि त्याला मागे टाकून दिलं. पुन्हा चढला, पुन्हा पडला. प्रत्येक वेळी माइकवरचा कार्यकर्ता ओरडत होता, "वा! अप्रतिम! याला म्हणतात फ्रीराइड!" आणि लोक टाळ्या वाजवत होते. ते जर बुडणंच असतं, तरी टाळ्या पडल्या असत्या.

सर्फची गाडी घेऊन तो खडकांकडे गेला. पहिली लाट त्यानं बरी फोडली. दुसरीनं त्याला फोडलं. परत आला तेव्हा चेहरा हिरवा पडला होता. त्यानं गॉगल काढला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि माझ्या बुटांपासून हातभर अंतरावर समुद्राचं पाणी आणि सकाळची भजी एकत्र परत केली.

"सर्फच्या गाडीत हादरे फार," दादासाहेब माझ्या कानात म्हणाले. "तज्ज्ञ म्हणून लक्षात ठेवा." त्यांच्या तोंडाला वेलदोड्याचा वास होता आणि खाली ओकारी होती. मी होकारार्थी मान हलवली, कारण तोंड उघडायची सोय नव्हती.

मग तिसरी. सबनीस हाराकडे हात नेणार तेवढ्यात दादासाहेब कडाडले, "अहो, हात काय लावताय! देवीचा हार आहे तो!"

"दादासाहेब, मी मघाशी म्हटलं ना, जाळी—"

"देवीचा हार घातलेला फोटो पाहिजे मला. यशोधन गाडीवर उभा, गाडीला हार, मागे समुद्र. पोस्टरचं सगळं ठरलंय."

"निदान आखूड तरी करू."

"देवीचा हार कापणार तुम्ही? पुण्यात कापत असतील."

सबनीसांनी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला.

यशोधन निघाला. आता खोटं कशाला बोलू? पोरगा सुंदर दिसत होता. लांब गाडीनं वेग घेतला, पाण्यावर सरळ रेघ मारली, आणि वळणावर तो इतका आत झुकला की कोपर पाण्याला टेकेल असं वाटलं. लोकांनी खरोखरच टाळ्या वाजवल्या. दादासाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "आता बोला."

मी नजर वळवली. रापणीच्या दोरापाशी गुणाबाई उभ्या होत्या. त्या गाडीकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

सबनीसांनी रापणीच्या अलीकडे लाल झेंडा रोवला होता, त्याच्या पुढे जायचं नाही म्हणून. पण टाळ्या ऐकून तरुण माणसाला झेंडे दिसत नाहीत. तो झेंड्याच्या पुढे गेला, लाकडी बोंडांच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या पाण्यात शिरला, व्यासपीठाकडे तोंड करून एक हात वर केला आणि झोकात वळला. हार दांड्यावरून घसरला. झेंडूची एक लांब शेपटी पाण्यावर दिसली आणि गाडीखाली गेली.

मिक्सरमध्ये चमचा राहिल्यावर येतो तसा आवाज आला. मग इंजिन नुसतं किंचाळायला लागलं आणि गाडी जागची हलेना. या गाड्यांचं असं असतं की त्या चालत असतील तरच आपल्याला उभं राहू देतात. थांबल्या की पायाखालून जातात. यशोधन पाण्यात पडला आणि गाडीला मिठी मारून तरंगू लागला.

"बंद पडली," सबनीस म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि थोडं समाधानही.

"मग? येईल की किनाऱ्याला," मी म्हणालो.

तेवढ्यात यशोधन ओरडला. "पप्पा! काहीतरी चावतंय!"

जाळं आवळत आलं होतं. मधल्या पाण्यात बांगड्यांची फडफड सुरू झाली होती आणि बांगड्यांबरोबर जेलीफिश आल्या होत्या, भाताच्या पेजेसारख्या. यशोधन हात मारत होता आणि जितके हात मारत होता तितका त्यांच्यात मिसळत होता.

दादासाहेबांचा चेहरा उतरला. आजवर मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलेला तो पहिला खरा भाव होता. ते धोतर सावरत वाळूतून धावले. मी आणि सबनीसही धावलो.

"होडी! होडी काढा! माझा मुलगा आहे तो!"

रापणीची होडी समोरच वाळूला टेकलेली होती. दोन तरुण तिच्याकडे वळले. गुणाबाईंनी हात आडवा धरला.

"होडी नाय. होडी गेली तर जाळा फाटतला आणि तुमचो झील तेच्यात गुरफाटतलो. दोरी धरा. ओढा. आताच्या आता भायर येतलो."

"अहो बाई, पण—"

"झील होयो की नको?"

दादासाहेबांनी दोर धरला. रेशमी कुडता, बोटात पुष्कराज, आणि हातात शेवाळानं बुळबुळीत झालेला काथ्याचा दोर. त्यांनी ओढायला सुरुवात केली आणि पाठोपाठ सगळ्या कार्यकर्त्यांनी. मीही धरला. दोर गार होता, त्याला मेलेल्या खेकड्याचा वास होता आणि त्याच्यावरून कुठलासा चिकट द्रव माझ्या बाहीत उतरत होता. माझ्यापुढे ज्याच्या हाताला चटणी होती तो कार्यकर्ता होता.

"हैस्सा!" गुणाबाई ओरडत होत्या. "ओढा रे भाषणवाल्यांनू! तोंडान ओढू नको, हातान ओढ!"

जाळं आलं. आधी दोन्ही बाजूंचे पंख, मग मधली झोळी, आणि झोळीत चांदीसारखे बांगडे, पेजेसारख्या जेलीफिश, एक लांब पांढरी जेट स्की आणि तिला मिठी मारून डोळे घट्ट मिटलेला यशोधन. तो अजून "पप्पा, पप्पा" करत होता.

"यशू," कुणीतरी बायकांमधून म्हणालं, "उभो ऱ्हव."

तो उभा राहिला. पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत होतं.

या वेळी मात्र लोक हसले. दादासाहेबांकडे न बघता हसले. यशोधनच्या मानेवर लाल चट्टे उठले होते आणि केसांत एक बांगडा अडकला होता, बाकी त्याला काही झालेलं नव्हतं. दादासाहेबांनी त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग त्या हाताचा वास घेऊन तो कुडत्याला पुसला.

"चला," ते म्हणाले, "गाडी उचला रे."

"खय?" गुणाबाई म्हणाल्या.

"खय म्हणजे? व्यासपीठाकडं."

"ता रापणीत इला. रापणीत इला ता रापणीचा. वाटे पडतले."

"अहो, ती प्रतिष्ठानची गाडी आहे!"

"खरं तर माझी आहे," सबनीस क्षीणपणे म्हणाले. "चाचणीपुरती आणली होती."

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बायका गाडीभोवती जमल्या होत्या.

"माका ह्या रबर होया. मोरीत घालूक."

"दांडो माका. झिलाच्या पाळण्याक."

"गे, नाक कोणाक? नाकात तुळस लावूक येतली."

एकीनं खरोखरच कोयता आणला. सबनीस गाडीवर पालथे पडले आणि तसेच राहिले.

"गुणाबाई," दादासाहेब दात आवळून म्हणाले, "तमाशा पुरे झाला."

"तमाशो नाय. वाटो." त्यांनी ओंजळभर बांगडे उचलले आणि दादासाहेबांच्या पायापाशी, वाळूवर, नीट मांडून ठेवले. "ह्यो तुमचो. तुमी दोरीक हात लावलास. सगळ्या गावान बघितला. आता तुमी रापणकार."

"मला नको वाटा."

"नको कसो? हात लावल्यार नको म्हणूची सोय नाय. आणि माका एक सांगा, दादासाहेब." त्यांचा आवाज एकदम गोड झाला. "जेणी रापणीचो वाटो घेतलो, तेणी रापण उठवली, असा आजपर्यंत दांडेखोलात कोणी केला? कोणाच्या बापाशीन केला?"

दादासाहेबांनी बांगड्यांकडे पाहिलं. गावाकडे पाहिलं. निवडणूक दिवाळीनंतर होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी सबनीसांच्या गळ्यातून सुटून वाळूत पडलेला कॅमेरा पाहिला, आणि कार्यकर्त्याला खुणेनं तो उचलायला सांगितलं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवतो. दादासाहेब नावाचा तो माणूस वाकला. एक बांगडा शेपटीला धरून उचलला, कपाळाला लावला आणि तसाच, कपाळावर खवले घेऊन, माइकपाशी गेला.

"बंधूंनो आणि भगिनींनो! रापण माझी आई आहे!"

मला वाटलं, मघाशी यशोधननं केलं तसं गुडघ्यांवर हात ठेवून वाकावं.

"या रेसच्या गाडीसाठी," ते पुढे म्हणाले, "काही अदृश्य शक्ती आपली रापण उठवू पाहत होत्या. मी आज स्वतः, या हातांनी, दोर ओढून त्यांना उत्तर दिलं आहे! तज्ज्ञ मंडळाच्या वतीनं मी जाहीर करतो, दांडेखोलला सर्फची गाडी! खडकांपाशी! आणि रापणीच्या पाण्यात एकही पिंप, मी जिवंत असेपर्यंत, तरंगणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मघाशी लांब गाडीसाठी वाजल्या त्याच हातांनी. दादासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांत घाण गोष्ट म्हणजे ते पाणी खरं होतं. बोलता बोलता त्यांना स्वतःचं पटलं होतं. गुणाबाईंनीही टाळ्या वाजवल्या आणि सांगितलं की रापण आपल्या या नव्या भावाला गाडी भेट देत आहे. सबनीस गाडीवरून उठले आणि त्यांनी भावाकडून ती परत मिळवली.

तिथंच संपलं असतं तर मी जेवू शकलो असतो. पण सबनीसांनी गाडी आडवी केली, पोटाखालची जाळी उघडली आणि आतून चोथा काढायला सुरुवात केली. केशरी, काळा, ओला, पेट्रोलचा आणि कुजलेल्या फुलांचा मिळून एक नवा वास येणारा. ते तो टाकणार तेवढ्यात एक कार्यकर्ता धावत आला.

"टाकू नका! देवीचा हार आहे! देवीनंच रापण वाचवली!"

आणि तो चोथा वाटला गेला. लोकांनी तो तळहातावर घेतला, कपाळाला लावला. माझ्याही हातावर एक गोळा आला. दादासाहेब माझ्याकडे बघत होते. मी तो कपाळाला लावला. त्यात जरीचा एक तुकडा होता, तो भुवईत टोचला.

ऊन कलल्यावर गर्दी पांगली. मी माझ्या गाडीकडे निघालो तेव्हा गुणाबाई होडीच्या कडेला बसून बांगडे टोपल्यांत टाकत होत्या. मी थांबलो.

"बाई, एक विचारू? होडी गेली असती तर जाळं खरंच फाटलं असतं?"

"ह्यॅ. जाळ्याच्या मदी होडी नेतोच की आमी. रोज नेतो."

"मग नेली का नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. लेखकाकडे बघावं तसं नव्हे, मास्तराकडे बघावं तसं.

"होडी गेली असती, तर तेणी दोरीक हात लावलो असतो?"

मला ते भाषण आठवलं आणि कपाळावरचा बांगडा आठवला.

"पण सगळं श्रेय त्या माणसानं घेतलं! तो उद्या पेपरात येणार. 'रापणीचा तारणहार'. तुम्हाला किळस नाही येत?"

"येता की. मी काय दगड आसंय?" त्या एक फुटका बांगडा बाजूला टाकत म्हणाल्या. "तो ता घेवन घराक गेलो. रापण हयच ऱ्हवली."

माणसाच्या नीचपणाला इतक्या शांतपणे वापरून घेताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. दिवसभराची सगळी घाण अंगावर असूनही मला वाटलं, काहीतरी मोठं बोलायला हवं.

"गुणाबाई," मी म्हणालो, "आज या किनाऱ्यावर तुम्ही जे केलंत ते मोठमोठ्या चळवळींना जमलेलं नाही. सत्तेला तिच्याच दोरानं ओढून आणलंत तुम्ही. मी लिहीन यावर. ज्या दिवशी या देशातला सामान्य माणूस—"

"होय, होय," त्या म्हणाल्या आणि बांगड्यांनी भरलेली एक कापडी पिशवी माझ्या हातात ठेवली. "ह्यो तुमचो वाटो. पिशवी तेवढी धुवन परत धाडा. सुनेची आसा, ती बोंब मारता."